एकोणीस वर्षांचा भाचा आणि त्याला सांभाळणारी वहिनी: सरकारी मदतीसाठी सुरुवात कुठून करू?

पाऊलवाट
नमस्कार. मी पुण्यात असते, दादा-वहिनी मराठवाड्यातल्या आमच्या गावी. माझ्या भाच्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, यंदा त्याला एकोणीस पूर्ण झाली. चालता येत नाही, घास भरवावा लागतो, बोलणं फक्त आम्हा घरच्यांना कळतं. आता अंगापिंडाने वाढलाय आणि उचलणारी वहिनी एकटी. पूर्वी ती खुरपणीला, वेचणीला जायची, ते कधीच सुटलं. दादाला हंगामात काम असतं, एरवी मिळेल ते. आई ७१ वर्षांची आहे.

आजवर घरात आलेलं म्हणजे पिवळं रेशनकार्ड आणि वहिनीचे लाडक्या बहिणीचे दीड हजार. भाच्याचं अपंगत्वाचं कागदी सर्टिफिकेट आहे, पण ते तो सात वर्षांचा असतानाचं. गावात कुणीतरी सांगितलं की मुलाचा निराधारचा पगार चालू केला की आईचे पैसे बंद होतात. त्या भीतीने दादाने अर्जच केला नाही.

दिवाळीत चार दिवस गावी जाणार आहे. तेवढ्यात काय काय मार्गी लावून येऊ? आणि दिवसरात्र त्याचं सगळं करणाऱ्या वहिनीसाठी म्हणून काही आहे का?

सुगरणीचं घरटं
ताई, माझी मुलगी चोवीस वर्षांची, तुमच्या भाच्यासारखीच. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ती भीती काढून टाका. लाडकी बहीण योजनेतली अट त्या बाईपुरती आहे. तिला स्वतःला दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना दीड हजार किंवा जास्त मिळत असतील तर ती बसत नाही. मुलाचे पैसे मुलाच्या नावावर येतात, त्यामुळे आईचे थांबत नाहीत. या एका अफवेपायी आमच्या ओळखीतल्या तीन घरांनी दोन-दोन वर्षं घालवली.

भाच्यासाठी योजना संजय गांधी निराधार अनुदान. दिव्यांगत्व किमान ४० टक्के, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५०,००० च्या आत. ऑक्टोबर २०२५ पासून यातल्या दिव्यांगांची रक्कम १,५०० वरून २,५०० झाली आहे. तुमच्या घराला तो महिन्याचा किराणा आहे.

पण त्याआधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. लहानपणच्या सर्टिफिकेटवर आता काम होणार नाही. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, मग जिल्हा रुग्णालयात तपासणी. अर्ज तुम्ही पुण्यातूनच आज रात्री भरा, त्यासाठी दिवाळीची वाट बघू नका. तपासणीला नेताना जुने सगळे केसपेपर बरोबर ठेवा. ८० टक्के किंवा वर आलं तर कार्ड निळ्या पट्टीचं मिळतं.

पाऊलवाट
फार आभार! अफवेचं दादाला आत्ताच फोन करून सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलला नाही. अजून एक, भाच्याची बोटं मुडपलेली आहेत. आधारचे ठसे नीट येतील का?

बांधावरची बाभळ
मी महसूल खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. ठसे उठत नसतील तर आधार केंद्रावर तशी नोंद करून काम करता येतं, अडवलं तर ठामपणे सांगा. खरी अडचण पुढे आहे. पैसे आता थेट आधारला जोडलेल्या खात्यात जातात. नुसतं खातं उघडून भागत नाही, आधार त्याच खात्याशी जोडलंय का ते बँकेत विचारून घ्या. मंजुरी झाली, पैसे मात्र नाहीत, अशी रडारड बहुतेक वेळा इथेच असते.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल आणि मग तहसीलचा दाखला. आकडा खरा सांगा. कमी लिहून देतो म्हणणारे एजंट दारात उभे असतात, पण उद्या तक्रार झाली तर वसुली तुमच्या दादाकडून होईल, त्यांच्याकडून नाही. शिवाय महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहत असल्याचा दाखला लागतो, तो विसरू नका.

आईंसाठी श्रावणबाळ योजना, पासष्टीच्या पुढच्यांसाठी, महिना १,५००. इथे मात्र उत्पन्नाची मर्यादा २१,००० आहे. वर्षाला एकवीस हजार म्हणजे संपूर्ण घराला दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत! इतकी वर्षं हा आकडा टेबलावर बघत आलो, प्रत्येक वेळी मान खाली जायची. समोरच्या म्हातारीला काय सांगायचं? तरी एक वाट आहे. घराचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर त्या दाखल्यावर अर्ज चालतो. पिवळं कार्ड आणि ही यादी एक नव्हे, म्हणून ग्रामपंचायतीत विचारा आणि यादीतला क्रमांक लिहून घ्या.

ग्रामपंचायतीत गेलाच आहात तर दिव्यांगांसाठीच्या पाच टक्के निधीचंही विचारा. स्वतःच्या उत्पन्नातला तेवढा भाग खर्च करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तोंडी नको, अर्ज द्या आणि पोच घ्या.

सुगरणीचं घरटं
बाबा, खात्याची गोष्ट निघाली म्हणून. भाचा अठराच्या वर आहे. माझ्या मुलीच्या वेळी बँक म्हणाली, सही तिचीच हवी. ती सही कशी करणार? आम्ही सात चकरा मारल्या. मग कळलं की १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी अठराव्या वर्षानंतर कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती पत्र देते. बँकांनी ते पत्र मानायचं, असं रिझर्व्ह बँकेनेही सांगितलंय. पाऊलवाटताई, हे वहिनींच्या नावे घ्या.

त्याच न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजनाही आहे. वर्षाला एक लाखापर्यंत, आधी कसली वैद्यकीय तपासणी नाही आणि फिजिओथेरपीचा खर्चही त्यात धरतात. आमच्यासारख्यांना दवाखान्यात भरती होण्यापेक्षा थेरपीचाच खर्च जास्त असतो, म्हणून मला ही फार मोलाची वाटते.

नारळीपौर्णिमा
वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही, म्हणून लिहिते. मी नोकरीमुळे केरळात आहे. इथे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्याला आश्वासकिरणम योजनेत महिना ६०० रुपये मंजूर होतात. रक्कम लहान आहे, पण ती सांभाळणारीच्या नावाने असते.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये सांभाळणाऱ्याची व्याख्या आहे. त्यात आईवडील आणि घरचे आहेत, आणि मोबदला घेऊन वा न घेता असे शब्द आहेत. जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी सांभाळणाऱ्याच्या भत्त्याचाही उल्लेख कलम २४ मध्ये आहे. म्हणजे कायद्याला वहिनी दिसते. तुमच्या जिल्ह्याच्या दिव्यांग कल्याण अधिकाऱ्याकडे हे कलम लिहून अर्ज द्या. लगेच पैसे येतील असं मी म्हणत नाही, पण मागणी कागदावर तरी येऊ दे.

बांधावरची बाभळ
एसटीचं राहिलं. दिव्यांगाला तिकिटात ७५ टक्के सवलत, आणि दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्याला ५० टक्के. जिल्हा रुग्णालयाच्या खेपा होणारच आहेत.

पाऊलवाट
गावाहून परतले. यूडीआयडीची तपासणी झाली, ८५ टक्के लिहिलंय. उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला हातात आहे, निराधारचा अर्ज सेतूत भरून पोच घेतली. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव सापडलं, ते वारलेल्या वडिलांच्या नावे आहे. आईचा अर्ज त्यावर चालेल का?

पालकत्वाचा अर्ज आणि ते कलम २४ चं पत्र वहिनीने स्वतः सही करून ठेवलंय. पुढच्या आठवड्यात ती जिल्ह्याला जाणार, त्या दिवशी भाच्याजवळ दादा थांबेल. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच.

बांधावरची बाभळ
चालेल. वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि आईंचं आधार जोडा. यादीच्या दाखल्यावर ग्रामसेवकाची सही आणि शिक्का दोन्ही बघून घ्या.

सुगरणीचं घरटं
वहिनींना सांगा, जिल्ह्याला जातच आहेत तर जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीच्या खोलीत जाऊन त्याला उचलायचं कसं ते शिकून घ्या. मी पस्तिशीतच कंबर घालवून बसले. आणि निघताना डबा घेऊन जायला सांगा, तिथे दिवस जातो.