वामनदादा तुम्हाला कधी कळले? आपापले अनुभव सांगा

जळगाव, धागा सुरू करताना

लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी जन्मापासून कानावर आहेत. ती नीट ऐकायला मात्र मला पन्नाशी उलटावी लागली.

आमचं गाव यावल तालुक्यात. बाबासाहेबांच्या जयंतीला गायन पार्टी यायची. ओट्यावर सतरंजी, पेटी, ढोलकी आणि निंबाला बांधलेला कर्णा. एका साली दादा स्वतः गाऊन गेले, असं वडील सांगायचे. मी तेव्हा चार-पाच वर्षांचा, आईच्या मांडीवर झोपलेला. घरात सगळ्यांनी त्यांना पाहिलं, माझं तेवढं राहिलं. पुढे कॅसेटी आल्या. कव्हरवर फोटो गायकाचा, म्हणून गाणंही त्याचंच समजायचो. लिहिलं कुणी, हे विचारावंसं वाटलं नाही.

मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दीड महिना खाटेवर. मुलाने फोनवर जुनी भीमगीतं लावून दिली. चौथ्या-पाचव्या गाण्याला लक्षात आलं, आवाज बदलतोय, चाल बदलतेय, पण शेवटच्या कडव्यात नाव तेच येतंय: वामन. अभंगात 'तुका म्हणे' येतं तसं. मग झालेली सगळी गाणी परत लावली, फक्त शेवटच्या कडव्यासाठी. त्या रात्री झोप लागली नाही.

नव्या लोकांसाठी थोडक्यात: जन्म १५ ऑगस्ट १९२२, देशवंडी, तालुका सिन्नर. निधन १५ मे २००४. स्वतः लिहायचे, स्वतः गायचे आणि गावोगाव फिरायचे. जलसाकार भीमराव कर्डक हे वेगळे, दोघांची गल्लत करू नका.

आता तुम्ही सांगा.

अमळनेर, निवृत्त शिक्षिका

मी खरं तेच लिहिते. आमच्या आळीत ही गाणी 'त्यांची' होती. मिरवणूक जवळ आली की आई खिडक्या लावून घ्यायची, आणि लग्नानंतर कित्येक वर्षं मीही तेच केलं.

अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं. नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिली होती तेव्हा नववीला वृत्तं शिकवत होते. मुलांना सांगितलं, घरात म्हटली जाणारी कुठलीही ओळ आणा, आपण लघु-गुरू पाडू. कुणी आरती आणली, कुणी सिनेमाचं गाणं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने म्हटलं, 'भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते'. वर्गात दोघं-तिघं हसले. मी फळ्यावर ओळ लिहिली आणि खुणा करायला लागले. 'गा' म्हणजे गुरू, 'ल' म्हणजे लघु. भी-मा-तु-झ्या, गागालगा. म-ता-चे, लगागा. पुढे परत गागालगा, परत लगागा. खडू हातातच राहिला. स्वच्छ आनंदकंद वृत्त! बारा आणि बारा, चोवीस मात्रा, कुठे ओढाताण नाही. 'सारे जहाँ से अच्छा' ज्या लयीत चालतं तीच लय. पुढच्या ओळीत 'लोक'ला 'टोक' भेटतं आणि 'असते' जागचं हलत नाही. गझलेची बांधणी.

नंतर त्यांच्याबद्दल वाचलं. मुंबईत शिवडीच्या चाळीत राहत असताना कुणीतरी पत्र वाचायला दिलं. वाचता येईना म्हणून या तरण्याताठ्या माणसाला रडू आलं. मग अक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. ज्याला विशीपर्यंत बाराखडी येत नव्हती त्याच्या कानात आनंदकंद होता! मी तो पुस्तकातून पाठ केला होता.

त्या मुलीला मी तेव्हा 'छान' एवढंच म्हणाले. हसणाऱ्यांना उभं करून विचारायला हवं होतं. ते राहून गेलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

चाळीसगाव, रिक्षाचालक

बाईंनी सांगितलं तेच गाणं. स्टेशनबाहेर २२ वर्षं रिक्षा लावतोय. हे गाणं म्हणजे बाबासाहेबांची स्तुती असं मी धरून चाललो होतो. एकदा दुपारी गाडी दोन तास लेट, सीटवर आडवा पडून ऐकत होतो आणि एकदम समजलं, ही स्तुती नाही. हा आपल्याला विचारलेला जाब आहे. पाचही निघाले नाहीत, असं हा माणूस भरल्या सभेत आपल्याच लोकांना सांगतोय.

आमच्या चाळीसगावात १९२९ साली काय झालं ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. स्टेशनवरून वस्तीत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. शेवटी वस्तीतल्याच एकाने कधी टांगा हाकलेला नसताना लगाम धरला. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. माझा धंदाच स्टेशनवरून माणसं न्यायचा. ते गाणं ऐकताना मला दरवेळी तो पूल दिसतो.

नंदुरबार

माझं वय २९, त्यामुळे उशिरा कळले असं म्हणता येणार नाही. पण डीजेवर ही गाणी वाजतात तेव्हा शब्द ऐकूच येत नाहीत, छातीत नुसती धडधड होते. यंदा आम्ही मंडळात ठरवून एक संध्याकाळ फक्त पेटी-ढोलकी ठेवली. ऐकायला म्हातारी माणसं पुढे येऊन बसली होती.

धुळे

माझी आई ८४ वर्षांची आहे. शाळेत गेली नाही. तिला दादांची गाणी पाठ आहेत, पण चाल तिची स्वतःची, जात्यावरच्या ओवीची. आम्ही बहिणी तिला म्हणायचो, 'माय, चाल चुकनी तुनी.' ती थांबायची नाही.

मी साठीला आले तेव्हा तिला विचारलं, एवढं काय आहे त्या गाण्यात? ती म्हणाली, 'हाऊ मानूस मनीच गोट सांगस.' म्हणजे हा माणूस माझीच गोष्ट सांगतो. माझं दुःख मला त्याच्याकडून कळलं, असंही काहीतरी म्हणाली. तोवर आईला काही दुःख आहे का, हे मी कधी विचारलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी दिवा लावला की एक गाणं ती म्हणते, मी वहीत उतरवते. छत्तीस झाली. त्यातली तीन मला अजून कुठल्याच पुस्तकात सापडलेली नाहीत.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

माझा बाप लोको शेडला खलाशी. आमच्या क्वार्टरमध्ये टेप एकच आणि तो बापाच्या ताब्यात. रात्रपाळीवरून आला की सकाळी सहाला दादांची कॅसेट सुरू. माझं बारावीचं वर्ष होतं. मी एकदा चिडून टेपची वायर ओढली. बाप काही बोलला नाही. हात धुतले, कोळशाचं काळं पाणी मोरीत गेलं आणि तो न जेवता झोपला.

तो जाऊन अकरा वर्षं झाली. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सात कॅसेटी निघाल्या. दोन बुरशीने गेल्या होत्या. बाकीच्या मी पेन्सिल घालून, रीळ हाताने फिरवून मोकळ्या केल्या. एका कॅसेटवर कुठल्यातरी कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आहे, बापानेच केलेलं असणार, कारण मध्येच त्याचा खोकला ऐकू येतो. आणि गाणारा आवाज थकलेला, थोडा खरखरीत, पण प्रत्येक शब्द ठाशीव. कोरस संपायच्या आत हा माणूस पुढची ओळ धरतो. गाण्याआधी कुणीतरी 'दादा, पाणी' म्हणतं. ते वामनदादाच असावेत असं मला वाटतं.

गाणं एका गाडीवानाचं आहे. बैल थकलेत, रस्ता लांब आहे आणि तो बैलांशी बोलतोय. चार कडवी आहेत. पाचव्याला 'वामन' एवढं ऐकू येतं आणि टेप संपते. पलटवली तर दुसरी बाजू कोरी आहे.

मी मे महिन्यापासून शोधतोय. बाजारात मिळालेल्या संग्रहात नाही. पाचवं कडवं कुणाला येत असेल तर कृपा करून इथे लिहा. पहिली ओळ आणि चाल मी पाठवतो.

धुळे

दादा, पाठवा. बैलगाडीचं एक गाणं आई म्हणते, माझ्या वहीत अजून आलेलं नाही. आत्ता ती जेवतेय. जेवण झालं की विचारते.