मदत हवी आहे: एम-20 चा (20 मिमी मेट्रिक) नट तीन फेऱ्यांनंतर अडकतो

नवाटर्नर:
जुन्या स्टडच्या (बिनडोक्याचा, आट्यांचा बोल्ट) मापाने ईएन-8 चा (मध्यम कार्बन पोलाद) नवा स्टड करतोय, आटे 60 मिमी लांब. जुन्याचा व्यास 19.85 मिमी, बाजारातला एम-20 चा नट त्यावर सरळ फिरतो. पिच गेजचं (आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, तपासायची पानं) 10 टीपीआयचं (इंचाला 10 आटे) पान बसलं म्हणून 40/100 गिअर (40 फिरवणारा, 100 लीडस्क्रूवर) लावून आटे पाडले. लीडस्क्रू (टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू) 4 टीपीआय, चेंज गिअरचा लेथ (गिअर हाताने बदलायचे), स्टड गिअर (साखळीतला पहिला, फिरवणारा गिअर) स्पिंडलच्याच वेगाने फिरतो. नवीन स्टडवर नट तीन फेऱ्या जातो आणि घट्ट होतो. अजून कट दिला तर तोंडाशी नट डुगडुगतो, पण पुढे अडकतोच. गिअर 20 ते 120, पाच-पाचच्या टप्प्याने आहेत. 127 नाही.

टूलरूम:
तोंडाशी ढिला आणि पुढे घट्ट, म्हणजे खोली नाही, पिच चुकलीय. 10 टीपीआय म्हणजे 2.54 मिमी, एम-20 ची पिच 2.5. एका आट्याला 0.04, नटात सहा-सात आटे, म्हणजे शेवटपर्यंत पाव मिमीचा फरक. आता कितीही कट दिलात तरी हा स्टड सुधारणार नाही.

गेजचं पान आखूड असतं, एवढा फरक त्यात कळत नाही. आधी व्यास बघा: पाऊण इंची बोल्ट 19.05 च्या वर जात नाही, तुमचा 19.85 आहे. मग जुन्या स्टडवर कागद दाबून ठसा घ्या आणि 20 आट्यांचं अंतर मोजा. 50 भरलं तर मेट्रिक, 50.8 भरलं तर इंची. व्हिटवर्थचा कोन 55 अंश, मेट्रिकचा 60. पान उजेडासमोर धरलं की फटीवरून कळतं.

लेथवाला:
127 असता तर 50/127 लावून काम झालं असतं. नसला तरी अडत नाही: स्टड गिअरच्या जागी 65, तो मधल्या 55 ला फिरवेल; 55 सोबत त्याच खांबावर 20, तो लीडस्क्रूवरच्या 60 ला. पिच 2.5015 येते, 60 मिमीत चूक जेमतेम 0.04. नटासाठी चालेल, लांब लीडस्क्रू करायला नाही. गिअर बदलल्यावर आटे उजवेच पडतायत ना ते पाहा, नाहीतर टंबलर लिव्हर (लीडस्क्रूची दिशा बदलणारा दांडा) उलटा करा.

हाफ नट (टूलच्या गाड्याला लीडस्क्रूशी जोडणारा दुभागी नट) शेवटच्या कटापर्यंत उघडू नका. इंची लीडस्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना थ्रेड डायल (हाफ नट कधी बंद करायचा ते दाखवणारी तबकडी) उपयोगाची नाही. एकदा उघडलात की दुसरा कट आट्याच्या डोक्यावर पडेल. टूल बाहेर काढा, मशीन उलटी फिरवून मागे न्या, जॉबच्या 8-10 मिमी अलीकडून पुन्हा सुरू करा म्हणजे लीडस्क्रूचा ढिलेपणा निघून जातो.

व्यास 19.8 ठेवा. आटे संपतात तिथे टूल बाहेर काढायला 8 मिमी रुंद खाच, व्यास 16.4. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल, 50 आरपीएम, तेल सढळ. पूर्ण 20 च्या व्यासावरून खोली 1.53 धरतात, तुमच्या 19.8 वरून 1.43. पहिला कट 0.25, पुढे कमी करत शेवटचे 0.05 चे. टूलच्या टोकाला 0.36 ची त्रिज्या द्या. टोक सुईसारखं असेल तर तेवढ्या खोलीला आटे जाडच राहतात आणि नट जात नाही. थ्रेड मायक्रोमीटर असेल तर पिच व्यास (आट्याच्या मध्यावरचा व्यास) 18.16 ते 18.33 मध्ये आला की थांबा.

नवाटर्नर:
ठसा घेतला, 20 आटे 50 भरले. 65/55, 20/60 लावतो. पण 20 आणि 60 नीट भिडत नाहीत, बँजो (मधले गिअर धरणारी खाचेची पट्टी) कुठे सरकवू?

लेथवाला:
आधी मधला खांब बँजोच्या खाचेत सरकवून 20 आणि 60 भिडवा, मग अख्खा बँजो फिरवून 55 ला 65 शी भिडवा. दात्यांमध्ये साध्या कागदाची एक पट्टी ठेवून घट्ट करा, मग पट्टी काढा. त्यानंतर नुसता ओरखडा घेऊन 20 आटे व्हर्नियरने मोजा, 50 आले तरच खरा कट द्या.