पावसातलं तांबडं पाणी शेवग्याच्या बियांनी निवळतं का? कुणी केलंय का घरी?

वाडीवरचा_राजापूर:
नमस्कार मंडळी, आमच्या वाडीत पऱ्यावरून (डोंगरातल्या ओढ्यावरून) पाइपाने पाणी येतं, उन्हाळ्यात एकदम नितळ पण जून लागला की जांभ्याची माती उतरून चहासारखं तांबडं. आई हंड्यात तुरटी फिरवते पण हात जरा जास्त झाला की चव तुरट लागते आणि कधीकधी फिरवूनही गाळ बसत नाही. परसात शेवगा आहे, बिया ढीगभर. किती घ्यायच्या, कशा वापरायच्या आणि ते पाणी तसंच प्यायचं का? घरात दीड वर्षाचं पोर आहे म्हणून विचारतोय.

पाणीवाली_ताई:
हो निवळतं, सुदानमध्ये नाईलकाठच्या बायका पिढ्यानपिढ्या हेच करत आल्यात. मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो म्हणून ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात, बियांमधल्या प्रथिनावर धन भार, ते मिळालं की कण चिकटून गोळे होतात नि तळाला बसतात. तुरटीचंही तसंच, पण तिला पाण्यात थोडे क्षार लागतात आणि जांभ्यातलं पाणी पडलं मऊ, म्हणून ती नीट चालत नाही. शेवग्याने पीएच, म्हणजे पाण्याचा आंबटपणा, फारसा हलत नाही हा मोठा फायदा.
झाडावर वाळून तपकिरी झालेल्या शेंगेतल्याच बिया घे, पंख आणि टरफल काढून आतला पांढरा गर कुटायचा. 20 लिटरच्या कळशीला साधारण 10 बिया, पाणी फारच गढूळ असेल तर दुप्पट किंवा त्याहून जास्त. पूड बाटलीत कपभर स्वच्छ पाण्यात घालून पाच मिनिटं जोरात हलव, फडक्याने गाळून ते दुधट पाणी कळशीत ओत. आधी मिनिटभर भराभर ढवळ, मग पाच-दहा मिनिटं अगदी हळू, आणि तास-दीड तास हात लावू नकोस. पूड रोज ताजी कर. पाणी मुळातच जवळपास नितळ असेल तर मात्र ह्याचा फारसा उपयोग नाही.

शेगलाची_भाजी:
आमची आजी मातीच्या मडक्याला आतून निवळीची बी घासायची, पाणी निवळतं म्हणून तर नाव निवळी, संस्कृतात कतक. पण बाबांनो एक कळकळीने सांगते, आपल्याकडे रानात काजरा भरपूर आहे आणि तो निवळीचाच भाऊबंद, त्याची बी भयंकर विषारी. काजऱ्याचं फळ नारिंगी आणि मोठं, बी बटणासारखी चपटी, निवळीचं फळ पिकलं की काळं आणि बोराएवढं. जाणकार माणसाने झाड दाखवल्याशिवाय रानातली कुठलीच बी पाण्यात घालू नका, शेवगा तरी सगळ्यांच्या ओळखीचा.

वाडीवरचा_राजापूर:
ताई, आज तीन बाटल्यांत करून बघितलं, लिटरला पाव, अर्धी आणि एक बी अशा हिशेबाने. अर्ध्या बीवालं सगळ्यात छान निवळलं, खाली गाळाचा थर बसलेला स्पष्ट दिसतो! एक बी घातलेलं उलट जरा धुरकट राहिलं, असं का? आणि खालच्या वाडीत खाडीकडच्या विहिरीचं पाणी मचूळ लागतं, त्याला चालेल का?

पाणीवाली_ताई:
बी जास्त झाली की कणांवर उलटा भार चढतो आणि ते पुन्हा तरंगायला लागतात, म्हणून तू केलंस तसं बाटलीत बघूनच माप ठरवायचं, पाऊस कमी-जास्त झाला की परत बघायचं. मीठ पाण्यात विरघळलेलं असतं, ते कुठल्याच बीने बसत नाही, खाडीकडच्या विहिरीला हा उपाय नाही.
आता पोराचं. गाळाबरोबर बरेच जंतू खाली जातात पण सगळे नाही, आणि पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू) एकही नको. वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात काढ, सुती कापडाच्या चार पदरांतून गाळ आणि खळखळून उकळी येऊ दे, ती मिनिटभर तरी राहू दे. क्लोरीनचे थेंब वापरणार असशील तर तेही निवळल्यावरच, गढूळ पाण्यात घातलं तर क्लोरीन मातीतच खर्ची पडतं. बियांचा अंश पाण्यात उरतो, त्यावर जंतू पुन्हा वाढतात आणि वास मारतो, म्हणून आजचं पाणी आजच संपव, उद्यासाठी ठेवू नकोस. गाळ नारळीच्या आळ्यात टाक.

वाडीवरचा_राजापूर:
धन्यवाद ताई, शेंगा उद्याच काढून डब्यात भरतो, पावसात भिजल्या तर कुजतील.