मेलबर्न ते उलुरू व्हाया ऊडनाडाटा ट्रॅक, सहा माणसं: कोणती फोर व्हील ड्राइव्ह?

यारा_काठ:
जूनअखेरीस चार आठवड्यांची सुट्टी आहे. आम्ही दोघं, मुलं ९ आणि ६ वर्षांची, शिवाय नाशिकहून येणारे आई-बाबा, दोघंही सत्तरीतले पण हिंडते-फिरते. मार्ग: मेलबर्न, पोर्ट ऑगस्टा, फ्लिंडर्स रेंजेस, मरी, ऊडनाडाटा ट्रॅक या कच्च्या रस्त्याने मार्ला, मग उलुरूचा लाल खडक, किंग्ज कॅनियन, जमलंच तर पाम व्हॅली. परतीला स्टुअर्ट हायवे. मुक्काम बहुतेक केबिनमध्ये, काही रात्री तंबूत.

बजेट ७५ हजार डॉलर. नवी घेतली तर इसुझू एमयू-एक्स किंवा फोर्ड एव्हरेस्ट व्ही६, जुनी घेतली तर टोयोटा प्राडो १५०. ८० लिटरची टाकी पुरेल का? डिफ लॉक (एका अ‍ॅक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) हवाच का? अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानाने बुल बार (पुढचा संरक्षक दांडा), स्नॉर्कल (इंजिनाची हवा टपाच्या उंचीवरून घेणारी नळी), रूफ रॅक, ड्रॉवर, दुसरी बॅटरी आणि विंच (रुतलेली गाडी ओढणारा दोराचा रहाट) अशी यादी दिली आहे. आधी काय बसवू?

वजनकाटा:
आधी काहीच बसवू नका, बेरीज करा.

गाडीची जीव्हीएम, म्हणजे माणसं-सामान-डिझेल धरून कायद्याने चालणारं कमाल वजन, उणे कर्ब वेट, म्हणजे भरल्या टाकीसह रिकाम्या गाडीचं वजन. उरतो तो पेलोड. तुमच्या तिन्ही गाड्यांत तो मॉडेलप्रमाणे साधारण ६०० ते ७०० किलोच्या पट्ट्यात येतो. एमयू-एक्सची जीव्हीएम २८०० किलो आहे. ब्रोशरमध्ये टेअर वेट दिलं असेल तर सावध राहा, त्यात टाकीत फक्त १० लिटर इंधन धरलेलं असतं.

आता तुमचा हिशोब. चार मोठी माणसं २८० किलो, दोन मुलं ५०. झाले ३३०. सहा जणांचे कपडे, अंथरूण-पांघरूण आणि शिधा १२०. भरलेला फ्रिज ४५, पाणी ४०, अवजारं आणि रुतलेली गाडी काढायचं सामान ४०, दुसरी स्टेपनी ३५. हे ६१०. दुकानाच्या यादीतलं अजून काहीच धरलेलं नाही. स्टीलचा बुल बार ६० ते ८०, ड्रॉवर ६०, विंच ३० ते ४०, रॅक ३०, दुसरी बॅटरी (एजीएम प्रकारची) ३०. म्हणजे आणखी दोनशेच्या वर. दुकानदार यातलं सगळं बसवून देईल, पण एकूण वजन किती झालं ते सांगायला थांबणार नाही.

जास्त वजनाने पहिल्या दिवशी काही होत नाही. ओळीने आडवे उंचवटे पडलेल्या कच्च्या रस्त्यावर तासभर गेलं की शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधलं तेल तापून पातळ होतं, दांडा बाहेर येतो त्या सीलमधून गळतं आणि मागचा भाग उसळायला लागतो. मग स्प्रिंग, मग टायर. अपघात झाला आणि गाडी जीव्हीएमच्या वर निघाली तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

वजनाइतकीच अडचण जागेची. तिसरी रांग उभी केली की मागे दोन-तीन बॅगांपुरती जागा राहते. उरलेलं सामान टपावर न्यायचं म्हटलं तर टपाची मर्यादा बहुतेक गाड्यांना ८० ते १०० किलो, त्यात रॅकचं वजनही धरलेलं, आणि कच्च्या रस्त्यावर त्याहून कमी. म्हणून सहा जणांसाठी माझं मत छोटा ऑफरोड बॉक्स ट्रेलर. भरून ७५० किलोच्या आत ठेवला तर ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक लागत नाहीत. पाणी, तंबू, शिधा, दुसरी स्टेपनी सगळं त्यात. टोबॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर, येणारा ६०-७० किलोचा भार मात्र गाडीच्या पेलोडमध्ये मोजायचा, हे बरेच जण विसरतात. ट्रेलरची चाकं गाडीच्याच मापाची आणि त्याच स्टड पॅटर्नची (बोल्टांच्या मांडणीची) करून घ्या, म्हणजे स्टेपनी दोन्हीकडे चालते.

एक गोष्ट शोरूममध्येच बघा. सहा वर्षांच्या मुलाला अजून बूस्टर (मुलांची उंच बैठक) लागणार, आणि बऱ्याच बूस्टरना टॉप टेदर, म्हणजे वरून मागे जाणारा पट्टा, अडकवावा लागतो. तिसऱ्या रांगेत त्याचा अँकर नसेल तर धाकटं मधल्या रांगेत येईल आणि आजी-आजोबांपैकी एकाला मागे गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागेल. आई-बाबांना घेऊन जा, बसवून बघा, साइड स्टेपवरून चढून बघा.

लाल_माती:
वजनाचं वर आलंच आहे, मी रस्त्याचं सांगतो.

ऊडनाडाटा ट्रॅक कोरडा असताना डिफ लॉकचं काही काम नाही. सुमारे ६२० किलोमीटरचा खडी-मातीचा रस्ता आहे, त्यात कोरडे ओढे आणि बुडाला घासणारे उंचवटे. पेट्रोल-डिझेल मरी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि मार्लाला मिळतं, दोन पंपांमध्ये साधारण २००-२१५ किलोमीटर. ट्रेलरसकट १०० किलोमीटरला १४ लिटर धरलं तरी एका टप्प्याला ३० लिटर, त्यामुळे ८० लिटरची टाकी भरपूर झाली. प्रत्येक ठिकाणी भरत जा मात्र, पुढचा पंप बंद असू शकतो. सिम्पसन डेझर्टला जाणार असता तर गोष्ट वेगळी होती. तिथे वाळूत खप २० च्या वर जातो आणि मध्ये ५०० किलोमीटर पंप नाही.

लो रेंज (हळू पण जोरात ओढणारे गिअर) आणि ग्राउंड क्लिअरन्स खरोखर लागेल तो पाम व्हॅलीच्या शेवटच्या दगडी टप्प्यात. तिथे ट्रेलर नेऊ नका, हर्मान्सबर्गला ठेवा.

एमयू-एक्स पार्ट-टाइम फोर व्हील आहे. फोर-हायमध्ये पुढची-मागची चाकं एकाच वेगाने बांधली जातात, म्हणून ती डांबरावर त्या मोडमध्ये चालवायची नाही, वळताना ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) आणि शाफ्टवर ताण येतो. एव्हरेस्ट व्ही६ मध्ये फोर-ऑटो, म्हणजे लागेल तसा पुढच्या चाकांना आपोआप जोर देणारा मोड, आहे आणि प्राडो कायमच चारही चाकांवर चालते. डांबर संपलं, खडी लागली, परत डांबर, अशा रस्त्यावर या दोन्ही निवांत. गुण माझ्याकडून एव्हरेस्टला, पण १८ इंची चाकांचंच मॉडेल घ्या. वरच्या मॉडेलांची २० किंवा २१ इंची चाकं दिसायला छान, पण साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, बुटकी. दगड लागला की टायर आणि रिम दोन्ही जातात, आणि त्या मापाचा टायर मरीमध्ये मिळायचा नाही.

पैसे घालायचे तर टायरांवर घाला. एलटी म्हणजे लाइट ट्रक बनावटीचे ऑल-टेरेन, पाच एकसारखे. हवा: डांबरावर भरल्या गाडीत ३६-४० पीएसआय, खडीवर २६-२८, आणि हवा काढल्यावर वेग ८० च्या आत. थंड टायरची हवा मोजून निघा, तासाभराने परत मोजा. एलटी टायरमध्ये सुमारे ६ पीएसआय वाढली तर बरोबर. जास्त वाढली तर टायर फार लवचत होता, म्हणजे हवा कमी होती किंवा वेग जास्त. प्लगचं किट तळव्यातल्या भोकाला चालतं, फाटलेल्या साइडवॉलला नाही.

स्टेपनी गाडीखाली असेल तर ती उतरवण्याचा दांडा आणि बंपरमधलं भोक घरीच शोधा, एकदा पूर्ण उतरवून चढवा. धुळीने ती धरणारी साखळी जाम होते. चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट परत आवळायचे. रॅकचे बोल्ट, बॅटरीचा क्लॅम्प आणि फ्रिजचा १२ व्होल्टचा प्लग रोज संध्याकाळी हाताने हलवून बघा, कंपनाने हेच तीन आधी सैल होतात.

स्नॉर्कल या मार्गावर नको. बुल बार पहाट-संध्याकाळ चालवणार असाल तरच. सूर्य मावळायच्या तासभर आधी मुक्कामाला पोचलात तर कांगारू कमी आडवे येतात आणि ७० किलो वाचतात.

पर्थकर:
ट्रेलरशी मी असहमत. पहिल्यांदाच कच्च्या रस्त्यावर चाललेल्या माणसाच्या मागे ट्रेलर, म्हणजे टायर दोन जास्त, बेअरिंगं दोन जास्त, रिव्हर्स घेणं वेगळं आणि धूळ एवढी की मागून रोड ट्रेन (अनेक ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक) आली तर आरशात दिसत नाही. (यूएचएफ रेडिओ, म्हणजे गाडीतला वॉकी-टॉकी, ४० नंबरच्या चॅनेलवर ठेवा, रोड ट्रेनवाले तिथेच बोलतात.)

त्यापेक्षा आई-बाबांना मेलबर्नहून विमानाने उलुरूला, म्हणजे एअर्स रॉक विमानतळावर बोलवा. ऊडनाडाटा ट्रॅक तुम्ही चौघं करा, तिसरी रांग पाडून. ३३० चे १९० किलो होतात, सामान आत बसतं, टप रिकामा. उलुरूपासून किंग्ज कॅनियनपर्यंत डांबर आहे, तेवढ्यात सहा जण आरामात. आई-बाबा परतही विमानानेच. सत्तरीच्या माणसांना सहाशे किलोमीटर कंप सोसायला लावण्यात काय मजा? शिवाय जूनच्या, म्हणजे तिथल्या हिवाळ्याच्या, रात्री तापमान शून्याजवळ जातं, तंबूत त्यांना झोप लागणार नाही.

गाडी भाड्याने घ्यायचा विचार आलाच तर करार वाचा. फोर व्हील ड्राइव्ह असली तरी बहुतेक नेहमीच्या कंपन्या कच्च्या रस्त्यावर विमा देत नाहीत.

यारा_काठ:
विमानाची कल्पना आई-बाबांना आवडली आहे, बाबांना तर जरा जास्तच. मग चौघांसाठी जुनी प्राडो १५० बघतोय. बघताना काय तपासू? आणि पाऊस आला तर?

वजनकाटा:
चौघं असाल तर माझाही ट्रेलरचा हट्ट नाही.

प्राडो १५० मध्ये मागच्या दारावर स्टेपनी असलेल्या डिझेल गाडीला ८७ आणि ६३ अशा दोन टाक्या, एकूण १५० लिटर. स्टेपनी खाली असलेल्या गाडीत फक्त ८७ ची. तुम्हाला दोन्ही पुरतील, पण १५० लिटर पूर्ण भरलं तर ते सव्वाशे किलो होतं, उगाच भरू नका.

ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० मधल्या २.८ डिझेलमध्ये डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) अडचण होती, प्रकरण कोर्टात गेलं. त्या काळातली गाडी असेल तर डीपीएफचं काम झाल्याची नोंद सर्व्हिस बुकात बघा आणि त्यातली काजळी हाताने जाळायचं स्विच आहे का ते बघा. एअर फिल्टर काढून आतल्या, स्वच्छ बाजूला पांढरं फडकं फिरवा. लाल धूळ निघाली तर इंजिनाने माती खाल्ली आहे, ती गाडी सोडा. खाली झोपून चासीचे कप्पे टॉर्चने बघा, समुद्रकिनारी चालवलेल्या गाडीत गंज तिथेच दडतो. शॉकवर तेलाचा ओघळ, पुढच्या सीव्ही बूटला (चाकाच्या सांध्यावरच्या रबरी आवरणाला) चीर, टोबार (ट्रेलर ओढायचा दांडा) असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, हेही.

लाल_माती:
पावसाचं: थोड्या सरींनीही ऊडनाडाटा ट्रॅकचा चिखल होतो आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया सरकार तो बंद करतं. बंद रस्त्यावर गेलात तर दंड. निघायच्या आदल्या संध्याकाळी आणि सकाळी सरकारी रस्तेस्थिती बघा. मरीलाच बंद दिसला तर परत पोर्ट ऑगस्टा गाठून स्टुअर्ट हायवेने वर जा, सगळं डांबर आहे. विल्यम क्रीकला अडकलात तर तिथून स्टुअर्ट हायवेवरच्या कूबर पेडीला सुमारे १६५ किलोमीटरचा कच्चा फाटा आहे, पण तोही बहुधा त्याच पावसात बंद होतो. म्हणून आई-बाबांचं तिकीट काढताना मार्लाला पोचायच्या तारखेनंतर तीन दिवस मोकळे ठेवा आणि तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या.

पाणी माणशी दिवसाला ५-६ लिटर धरून दोन दिवसांचं, म्हणजे चौघांना ४० ते ५० लिटर, दोन वेगळ्या कॅनमध्ये. एक फुटला तर दुसरा राहतो. पीएलबी (संकटात उपग्रहाला संदेश देणारं छोटं यंत्र) विकत घेऊन एएमएसए या ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा संस्थेकडे नोंदवा, नोंदणी फुकट आहे. गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबायचं, हे मुलांनाही आधीच सांगून ठेवा.