सहा फुटी फिश टँक आणि माडीवरची तुळई (तातडीचे)

बंडू, सध्या मुक्काम सोलापूर. सोमवार रात्र

मंडळाच्या पत्र-यादीवरील सर्वांना सप्रेम नमस्कार.

बाबांच्या फिश टँकविषयी मी गेल्या वेळी विचारले तेव्हा "आधी टँक येऊ द्या, मग बघू" असे ज्यांनी लिहिले होते त्यांच्यासाठी कळवतो की टँक आला आहे. कालपासून तो आमच्या अंगणात दोन चादरींत गुंडाळून उभा आहे आणि बाबा दर तासाला चादर उचलून काच तडकली तर नाही ना, हे पाहत आहेत. माझी परतीची तारीख सर्वांना ठाऊक आहे. हाताशी अकरा दिवस उरले आहेत.

मापे अशी आहेत. टँक ६ × २ × २ फूट असून काच १२ मिमीची आहे. काठोकाठ भरल्यास ६८० लिटर पाणी मावते. नुसती काच सव्वाशे किलोची आहे. वाळू, दगड आणि लोखंडी स्टँड धरल्यावर एकूण वजन टनाच्या आसपास जाते. बाबांना तो माडीवरच्या तीन खणी खोलीत, पूर्वेच्या भिंतीला लागून हवा आहे. खोली १० फूट रुंद आणि १५ फूट लांब आहे. दोन सागवानी तुळया, म्हणजे जमीन पेलणारी जाड आडवी लाकडे, रुंदीच्या बाजूने टाकलेल्या आहेत, त्यांवर कड्या (बारीक आडवी लाकडे) आणि पाट (फळ्या), त्यावर माती आणि सर्वांत वर शहाबादी फरशी आहे. खाली भाडेकरूंचे यंत्रमाग चालतात.

अडचण टँकची नाही, तुळईची आहे. आज सुताराने दोन्ही तुळयांची भिंतीत गेलेली टोके तपासली. दक्षिणेकडच्या तुळईला टोचा लावला तर तो दोन बोटे आत गेला. गच्चीचा पन्हाळ अनेक वर्षे त्याच कोपऱ्यात गळत होता, हे आपल्यापैकी आमच्याकडे राहून गेलेल्यांना आठवत असेल. खालून टेकू द्या, असे सुतार म्हणतो, परंतु टेकू जिथे यायला हवा नेमका तिथेच एक माग उभा आहे. भाडेकरू म्हणतात की बीम चढवलेले आहे, आता माग हलवता येणार नाही. टेकूशिवाय काही उपाय असल्यास कृपया कळवावा.

अप्पा, टोरांटो. सोमवार

चि. बंडूस अनेक आशीर्वाद.

गणपतीतल्या मखराचा प्रसंग घडल्यानंतर भाराविषयीचे प्रश्न आधी माझ्याकडे यावेत, असे ठरले होते. तू थेट सर्वांना लिहिलेस, याचा राग नाही, फक्त नोंद करून ठेवतो.

आपल्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे, राहत्या खोलीच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण २०० किलोचा वावर-भार, म्हणजे माणसे आणि सामान यांचे वजन, धरतात. तुझ्या टँकच्या पायाखाली चौरस मीटरला साडेआठशे ते नऊशे किलो येतात, म्हणजे चौपटीहून अधिक. मात्र एवढ्याने घाबरण्याचे कारण नाही, कारण तोच हिशेब संपूर्ण खोलीला लावला तर तुझ्या जमिनीने पावणेतीन टन माणसे आणि सामान पेलावे अशी अपेक्षा असते. अडचण येते ती सगळे वजन एका जागी आणि कायमचे बसते म्हणून. पाहुणे जेवून उठून जातात, टँक उठत नाही, आणि सततच्या भाराखाली लाकूड वर्षानुवर्षे थोडे थोडे वाकत राहते.

जागा बाबांनी योग्य निवडली आहे. टँक भिंतीला लागून दोन्ही तुळयांवर आडवा बसला, तर त्याचे वजन तुळईच्या टोकापासून फूटभर अंतरावर येते आणि तुळईला वाकवण्याचा जोर टँक खोलीच्या मध्यभागी ठेवला असता जितका आला असता त्याच्या जेमतेम एक तृतीयांश उरतो. परंतु त्याच कारणाने जवळजवळ सगळे वजन भिंतीतल्या टोकावर जाते आणि तुझे तेच टोक कुजलेले आहे. म्हणून टेकू अनिवार्य आहे. दगड-मातीच्या भिंतीत बोल्ट मारून लोखंडी ब्रॅकेट बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये, कारण अशा भिंतीत बोल्ट धरत नाहीत.

सर्वप्रथम भाडेकरूने बीमवर काय चढवले आहे ते खाली उतरवून घे. परवानगीवाचून तुळईला वजन टांगणे हा सरळसरळ बेजबाबदारपणा आहे.

तात्या, न्यू जर्सी. सोमवार

अप्पांचे गणित बरोबर असेल, पण मी अनुभवाने बोलतो. माझ्याकडे १२५ गॅलनचा, म्हणजे सुमारे ४७५ लिटरचा टँक आहे, आणि इथल्या घरांच्या लाकडी जमिनी चौरस फुटाला ४० पौंडांच्या हिशेबाने बांधतात. अप्पांचे २०० किलो आणि आमचे ४० पौंड जवळजवळ सारखेच आहेत, हे मी स्वतः ताडून पाहिले आहे. मी टँक कड्यांना समांतर ठेवला होता, त्यामुळे सगळे ओझे दोनच कड्यांवर आले. तीन महिने काही जाणवले नाही. मग कोणी शेजारून चालत गेले की कपाटातल्या कपबशा किणकिणू लागल्या आणि एके दिवशी लक्षात आले की पाण्याची रेषा डावीकडे काठाला टेकली आहे आणि उजवीकडे बोटभर खाली आहे. पाणी कधी खोटे बोलत नाही, त्याच्याहून चांगली पाणसळ नाही. तळघरात स्क्रूचे दोन जॅक-खांब लावले, तेव्हा कुठे ते थांबले.

बंडू, स्टँडचे चार पाय थेट शहाबादीवर टेकवू नकोस. एकेका पायाखाली अडीचशे किलो येतील आणि फरशी नक्की तडकेल. स्टँडखाली जाड प्लायवूडचा अखंड तुकडा घाल आणि टँकच्या काचेखाली थर्माकोल ठेव.

अक्का, लेस्टर. मंगळवार

अप्पा, क्षमा असावी, पण आपण रागावलात ते चुकीच्या बीमवर. आपला बीम म्हणजे तुळई आणि मागवाल्यांचे बीम म्हणजे ताण्याचे सूत, म्हणजे कापडाचे उभे धागे, गुंडाळलेला तो भला मोठा रूळ. आमचे आयुष्य सोलापुरात तुमच्याच साखर पेठेत मागांच्या खडखडाटात गेले आहे, म्हणून एवढे सांगायचा अधिकार मला आहे असे समजते. बीम चढवले आहे, याचा अर्थ मागावर ताणा भरलेला आहे आणि कापड अर्धवट विणून झाले आहे. अशा वेळी माग बोटभर जरी सरकवला तरी ताण बिघडतो, हजारो धागे सैल-घट्ट होतात आणि मागवाल्याची मजुरी बुडते. भाडेकरूंचे म्हणणे रास्त आहे.

बंडू, त्यांना "माग हलवा" असे म्हणू नकोस. "बीम कधी संपते?" असे विचार. बीम संपल्यावर नवे चढवण्याआधी माग रिकामा असतो आणि तेव्हा तो वीतभर सरकवायला कोणी हरकत घेत नाही. दुसरे बसवण्याची मजुरी तू देतोस असेही सांग.

कार्यवाह. मंगळवार

सर्व सभासदांना नम्र विनंती आहे की ही यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. संक्रांतीच्या तिळगूळ-वाटपाची माझी पत्रे या चर्चेखाली तीनदा गाडली गेली. तथापि विषय निघालाच आहे तर विचारतो की टँक तळमजल्यावर का ठेवत नाहीत? जमिनीवर ठेवलेल्या टँकला तुळई लागत नाही.

बंडू. मंगळवार रात्र

कार्यवाहांच्या प्रश्नाचे उत्तर असे की तळमजला भाडेकरूंचा आहे, बाबा माडीवर राहतात आणि गुडघ्यांमुळे दिवसातून एकदाच खाली उतरतात. टँक खाली ठेवला तर मासे भाडेकरू पाहतील.

अक्कांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. बीम आणखी पाच दिवस चालेल आणि त्यानंतर माग सरकवायला भाडेकरू तयार आहेत. आता नवी अडचण आहे. टेकूखाली काँक्रीटचा पाया हवा, असे गवंडी म्हणतो, आणि काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारल्याशिवाय त्यावर वजन टाकणार नाही म्हणतो. पाच आणि सात म्हणजे बारा. माझ्याकडे दहा उरले आहेत.

अप्पा. बुधवार

बीमसंबंधीचा अक्कांचा खुलासा मान्य. मात्र तात्यांनी मध्येच ४० पौंडांचा जो हिशेब घातला तो नव्या अमेरिकन घरांचा आहे. साखर पेठेतली तुळई कोणत्याही तक्त्यात बसवून टाकलेली नाही, सुताराने डोळ्याने जोखून टाकलेली आहे, आणि त्या काळचे सुतार जाडीत हात आखडत नसत.

गवंड्याचा आग्रह योग्य आहे, परंतु काँक्रीटवाचून अडत नाही. तुमच्या परसात जुन्या जोत्याचे घडीव काळे दगड पडून आहेत, मी स्वतः त्यांवर बसून चहा घेतला आहे. दीड फूट चौरसाचे दोन निवडा. सोलापुरात महत्त्वाची गोष्ट अशी की वरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर पाया कधीच ठेवू नये. मुरूम लागेपर्यंत खणा आणि मुरमावर दगड बसवा.

आता मुद्दा जो कोणीही विचारला नाही. एका टेकूवर एकूण किती वजन येईल ते मी काढले. जमिनीचा, फर्निचरचा आणि माणसांचा वाटा धरून ते पावणेदोन टनांच्या घरात जाते आणि त्यात टँकचा वाटा जेमतेम अर्धा टन आहे. सगळ्यांत मोठा वाटा मातीचा आहे. सहा इंचांचा मातीचा थर चौरस मीटरला अडीचशे किलो भरतो, म्हणजे खोलीभर साडेतीन टन, तुझ्या टँकसारखे तीन टँक आणि वर अर्धा. ती तुळई इतकी वर्षे जे पेलत आली आहे त्यापुढे टँक म्हणजे नव्या सुनेने आणलेली एक पेटी आहे.

अक्का. बुधवार

अप्पांच्या या एका वाक्यासाठी त्यांचे पहिले पत्र माफ. मातीच्या या वजनाकडे आपण लोक कधी पाहतच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जे घडले ते आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. त्या रात्री सोलापुरातही आम्ही अंथरुणातून उठून रस्त्यावर आलो होतो. तिकडच्या जाड दगड-मातीच्या भिंती आणि माळवदावरची (सपाट धाब्याच्या छपरावरची) जड माती झोपलेल्या लोकांवर आली. बंडू, टँक ठेवो न ठेवो, वरची माती हलकी करून घे.

तात्या. बुधवार

अक्का, सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत तीच माती खोली थंड ठेवते. पारा ४२ च्या पुढे गेला की टँकचे पाणी सहज ३२ अंशांवर जाते आणि बहुतेक माशांना २४ ते २८ मानवते. गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. माती काढून मासे शिजवण्यात काय अर्थ आहे? शिवाय पाणी तीन-चार दिवसांआड येणाऱ्या गावात दर आठवड्याला दीड-दोनशे लिटर पाणी बदलायचे आहे, त्याचा विचार कोणी केला आहे का?

अप्पा. बुधवार

पाण्याचा प्रश्न जमिनीच्या मजबुतीशी संबंधित नाही.

तात्या. बुधवार

गळला तर असतो.

बंडू. पुढच्या आठवड्यातला गुरुवार

सर्वांना नमस्कार. उशिरा लिहीत आहे, कारण तीन दिवस माझे हात मुरमाने लाल होते.

मुरूम साडेतीन फुटांवर लागला. परसातले दोन दगड पहारीने सरकवत आत आणले आणि पाणसळ लावून बसवले. त्यांवर चार इंची पाइपचे दोन खांब उभे केले आणि वरखाली जाड पत्र्याच्या चौकोनी पट्ट्या वेल्ड केल्या. कुजलेल्या टोकाजवळ तुळईला आधी जॅक लावून अगदी हळू, कागदाच्या जाडीइतकी, वर घेतली आणि मग खांबावर पोलादी पाचरी ठोकल्या. जॅक काढताना तुळई एकदा करकरली. सुतार, गवंडी, वेल्डर आणि मी असे चौघे वर पाहत राहिलो. त्यानंतर आवाज आला नाही. भाडेकरूंनी माग वीतभर पश्चिमेला घेतला आहे आणि नवे बीम कालच चढले. पन्हाळ बदलला आहे, नाही तर हे सगळे वाया गेले असते.

मातीविषयी बाबा आणि अक्का यांच्यात फोनवर पाऊण तास बोलणे झाले. टँकच्या मागेपुढे पाच फुटांच्या पट्ट्यातली फरशी उचलल्यावर मातीखाली शेणाने सारवलेली आणखी एक जमीन निघाली, जी बाबांनीही पाहिलेली नव्हती. वरचा थर चार इंच काढला आणि फरशी पुन्हा बसवली. टोपल्या मोजण्याचे काम बाबांनी स्वतःकडे घेतले होते, ते एकशे बारा म्हणतात. उरलेल्या खोलीला त्यांनी हात लावू दिला नाही, कारण त्यांची खाट तिथे असते.

टँक प्लायवूडवर आणि थर्माकोलवर बसला आहे. मंगळवारी चतुर्थांश भरला आणि पाण्याच्या रेषेवर काचेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण केली. काल निम्मा भरला. दोन्ही टोकांतला फरक दोन मिमी आहे आणि तो मंगळवारी होता तेवढाच आहे. खाली माग सुरू झाला की पाण्याच्या पृष्ठभागावर बारीक शिरशिरी उठते, जेवणाची सुट्टी झाली की पाणी आरशासारखे होते. बाबा आता माग बंद पडल्याची वेळ त्यावरूनच सांगतात.

ही शिरशिरी काचेच्या सिलिकॉनच्या सांध्यांना बाधक आहे का, आणि स्टँडच्या पायांखाली रबराच्या चकत्या घातल्यास ती कमी होईल का, हे अप्पा व तात्या यांनी कृपया उद्या दुपारपर्यंत लिहावे. पूर्ण भरण्याआधी चकत्या घालता येतील, नंतर नाही. एकच विनंती आहे की दोघांनी वेगवेगळी पत्रे न लिहिता आधी आपसांत बोलून एकच उत्तर पाठवावे.