शब्दचर्चा : 'गेले' म्हणजे कुठे गेले?

प्रश्न :
घरच्या ग्रुपवर 'नाना गेले' एवढाच मेसेज. बहिणीने लिहिलं, 'बरं, पोचले की कळवा.' दवाखान्याच्या फेऱ्यांनी धास्तावलेल्या आईने मात्र रडतच फोन लावला. नाना नाशिकच्या गाडीत होते! शब्द एकच, मग अर्थ ठरवतं कोण?

प्रतिसाद १ :
संदर्भ, आणि मराठीत बऱ्याचदा लिंग. 'तो हार' गळ्यात पडतो, 'ती हार' पदरी येते. वाक्यात घातलं की घोळ मिटतो. 'गेले'ला ही सोय नाही. दारातून निघताना आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, ते उगाच नाही.

प्रतिसाद २ :
संदर्भ अपुरा पडला की मनःस्थिती हात घालते. हाल्बरस्टाट, निडेन्थाल आणि कुश्नर यांनी १९९५मध्ये काहींना आनंदी, काहींना उदास संगीत ऐकवलं आणि सारख्या उच्चाराचे इंग्रजी शब्द उतरवून घ्यायला लावले. 'मॉर्निंग' ऐकू आलं की स्पेलिंग सकाळचं (morning) लिहायचं की शोकाचं (mourning)? उदास मंडळींनी शोकाचं जास्त वेळा लिहिलं.

प्रतिसाद ३ :
मराठीत 'दिन' आणि 'दीन' घेऊन करून बघा. फक्त मूड मोजला जाईल की शुद्धलेखन, हे सांगता येत नाही :)

प्रश्नकर्ता :
हा मूड की स्वभाव? आमची आई मुळातच काळजीखोर.

प्रतिसाद २ :
चांगला मुद्दा. आयझेंक आणि सहकाऱ्यांनी १९९१मध्ये चिंताविकाराचे रुग्ण, त्यातून बरे झालेले आणि इतर लोक अशी तुलना केली. एक वाक्य होतं : डॉक्टरांनी छोट्या एमिलीची 'ग्रोथ' तपासली. 'ग्रोथ' म्हणजे उंचीची वाढ, किंवा अंगावरची गाठ. अशा दुहेरी वाक्यांचा भीतीदायक अर्थ घेण्याकडे रुग्णांचा कल जास्त होता. बरे झालेले मात्र इतरांसारखेच अर्थ लावत होते. म्हणजे सगळं स्वभावावर ढकलता येणार नाही.

प्रतिसाद १ :
आपली 'गाठ'ही तशीच. 'डॉक्टरांची गाठ पडली' म्हणजे भेट झाली, वाक्यात शंकेला जागा नाही. तरी रिपोर्टची वाट बघणाऱ्याच्या कानात आधी 'डॉक्टर' आणि 'गाठ' एवढंच शिरतं. 'पडली' मागून येतं. अशा घरी मी सरळ 'डॉक्टर भेटले' म्हणतो.