तड्याचे फोटो फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर उरलेत, कोर्टात चालतील का?

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी. शेजारच्यांनी उन्हाळ्यात जेसीबी लावून आमच्या भिंतीला अगदी लागून पाया खणला आणि आमच्या किचनला वरपासून खालपर्यंत तडा गेला, तेव्हाच मी मोबाईलवर दहा-बारा फोटो काढलेले. आता ते म्हणतात तडा जुनाच आहे. वडील म्हणतात दावा टाकू. पण तो मोबाईल मी एक्स्चेंजमध्ये देऊन बसलो, फोटो फक्त घरच्या ग्रुपवर आहेत. मामा म्हणतात स्टुडिओतून प्रिंट काढून लाव, बास. चालतं का असं?

लूमवाला:
कशाचं काय बे. आजकाल एआयनं तडाच काय, अख्खा बंगला पाडून दाखवतेत. कोण धरणार तुझा फोटो.

काळा_कोट:
बनावट फोटो निघतात म्हणून कोर्ट सगळेच फोटो फेकून देत नाही, पण नुसती प्रिंट लावून भागत नाही हे खरं. प्रिंट म्हणजे कॉपी, तिच्यासोबत ती कुठल्या मशीनवरून, कशी काढली ते सही करून सांगणारं सर्टिफिकेट लागतं. आधी ते एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या 65ब मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून नवीन भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63. यावर सुप्रीम कोर्टाचा 2020 चा अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल निकाल आहे, आपल्या जालन्याच्याच निवडणुकीचं प्रकरण, फॉर्म भरतानाच्या व्हिडिओ शूटिंगवरून सगळा वाद. त्यात ठरलं की सर्टिफिकेट पाहिजेच, फक्त मूळ मोबाईलच कोर्टात ठेवून मालक स्वतः साक्षीला उभा राहिला तर नको. म्हणजे तुम्ही जो एक्स्चेंजमध्ये दिलात तोच खरा हुकमाचा पत्ता होता हो!

नवीन कायद्यात सर्टिफिकेटचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा, दुसरा एक्सपर्टनं, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा, एक पिक्सेल हलला तरी अंगठा बदलतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो टाकला की तो दाबून लहान होतो, कधी काढला, कुठल्या मोबाईलनं काढला ही आतली माहितीही गळते. त्यामुळे समोरचा वकील तिथंच पकडणार. डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तर जशाचा तसा राहिला असता.

जुना_स्टुडिओ:
आमच्या वेळी रोल होता तेव्हा हे सोपं होतं, मी दोनदा साक्षीला गेलोय, वकील विचारायचे फोटो तुम्हीच काढला का, निगेटिव्ह कुठाय, निगेटिव्ह दाखवली की गप. बाकी मामांना सांगा, स्टुडिओवाला प्रिंट काढून देईल, तडा कधी गेला ते त्याला काय ठाऊक.

काळा_कोट:
अगदी. आणि नुसत्या फोटोवर बसू नका. तडा अजून तिथंच आहे ना? मग दाव्यात कोर्ट कमिशनर मागा, तो जागेवर येऊन पाहणी करून रिपोर्ट देतो. तोवर प्लास्टर करू नका म्हणजे झालं. जुना मोबाईल देण्याआधी बॅकअप चालू होता का ते पण बघा.

जुळे_सोलापूरकर:
सर, गूगल फोटोजमध्ये नऊ सापडले!! तारीख, वेळ, मोबाईलचं मॉडेल सगळं दाखवतंय. आणि एकात शेजारचे काका स्वतःच तड्यावर हात ठेवून उभे, मागे जेसीबी.

लूमवाला:
आता काका म्हणतील हात एआयचा आहे 😂

काळा_कोट:
तो क्रॉप करू नका, फिल्टर लावू नका, ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. तसाच डाउनलोड करून पेनड्राइव्हवर घ्या आणि वकिलाकडे जा.

जुळे_सोलापूरकर:
ग्रुपवर टाकला ओ आत्ताच. मूळ फाइल आहे पण तशीच.